घरी शब्द कोणी टाकला? प्रेम जुळल्यापासून साखरपुड्यापर्यंत, सातारा-सांगलीकडचे अनुभव

गावभागकर (सांगली)

दोघांचे एकमेकांवर मन बसते, तोपर्यंतची गोष्ट त्या दोघांच्या हातात असते; तिथून साखरपुड्यापर्यंतचा रस्ता मात्र घरातून, भावकीतून आणि आजोळातून जातो. आपल्या भागात या रस्त्यावर पहिला शब्द कोण टाकते, त्यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते, असे माझे मत झाले आहे. आपण भेटीची गोष्ट आवडीने सांगतो आणि घरी कसे सांगितले हा भाग दोन वाक्यांत उरकतो. त्या राहून जाणाऱ्या भागाविषयी सर्वांनी लिहावे, यासाठी हा धागा काढत आहे. आधी आमची हकीकत सांगते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून बाहेरगावच्या वाचकांना कल्पना यावी. पाणी ओसरल्यावर एका जुन्या वाचनालयात भिजलेली पुस्तके वाळवायला माणसे हवी होती, म्हणून मी गेले. साध्या कागदाची पुस्तके उभी करून, पाने मोकळी करून वाऱ्यावर ठेवली की निदान वाचण्याजोगी तरी राहतात. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तके तशीच वाळली, तर पाने एकमेकांना कायमची चिकटतात आणि सोडवायला गेले की फाटतात. म्हणून ती ओली असतानाच एकेक पान सुटे करून मध्ये कोरा कागद घालावा लागतो. एकाने पान धरायचे आणि दुसऱ्याने कागद सरकवायचा, असे हे दोघांचे काम आहे. माझ्या समोर बसलेले गृहस्थ मिरजेचे होते आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होते. पहिल्या दिवशी आमच्यात ‘हळू’ आणि ‘थांबा’ या दोन शब्दांपलीकडे बोलणे झाले नाही. चिखलाचा वास, डासांचा त्रास आणि वर न बघता चाललेले ते काम यांतून एक गोष्ट मला उमगली: ज्या माणसाला दुसऱ्याच्या पुस्तकाचे पान फाटू नये याची एवढी काळजी आहे, तो माणूस घरातही हळुवार असणार. पुढे २०२० च्या टाळेबंदीत सांगली आणि मिरज हे अंतरसुद्धा फार मोठे झाले, आणि त्या काळात फोनवर आमचे ठरले.

घरी शब्द टाकला तो माझ्या आत्याने. ती मिरजेत दिलेली आहे. तिने आधी माझ्या वडिलांना काहीच सांगितले नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे निमित्त काढून ती ह्यांच्या घरी गेली, सासूबाई थोरल्या सुनेशी कशा बोलतात ते तिने पाहिले, आणि मग भावाकडे येऊन म्हणाली, “मुलगा आणि घर मी पाहिलेले आहे. आता तू पाहा, आणि मग नाही म्हण.” वडिलांना न पाहता नाही म्हणण्याची वाटच उरली नाही. आमचा साखरपुडा कृष्णा-वारणेच्या संगमावर, हरिपूरला झाला. आत्या मध्ये नसती, तर तो दिवस एवढ्या समाधानाने उगवला नसता, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे हा शब्द कोणी टाकला?

विटेकर (सध्या कोइमतूर)

ताई, आपल्या आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. घर पाहायचे असेल, तर सून आणि सासू यांचे बोलणे ऐकावे, हे अगदी खरे.

आमची गोष्ट गलाईवाल्यांची आहे. खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतली कितीतरी कुटुंबे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या व्यवसायासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगलेली आहेत. माझ्या वडिलांचे दुकान कोइमतूरला आणि सौभाग्यवतीच्या वडिलांचे सेलमला. मूळ गावे मात्र एकमेकांच्या शिवेला लागून. आमची ओळख तिकडच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात झाली. आम्ही दोघेही तमिळ शाळांत शिकलेलो असल्यामुळे मनातले बोलायचे असले की आपोआप तमिळमध्ये बोलत असू, आणि गावी यात्रेला आलो की आजीसमोर बसूनसुद्धा आमचे बोलणे निर्धास्त चालत असे. आजीला भाषा कळत नव्हती, पण बाकी सगळे कळत होते. तिनेच एके दिवशी आईला विचारले, “ही पोर कुणाची, आणि किती दिवस ही नुसती पाहुणी म्हणून यायची?”

तरीही आमच्यात निर्णायक शब्द आजीचा ठरला नाही. गलाईचा धंदा विश्वासावर चालतो. दागिना मुशीत वितळला की त्याचा आकार जातो, आणि त्यात किती सोने होते हे आटवणाऱ्याच्या सचोटीवरच अवलंबून राहते. माझ्या सासऱ्यांनी गावात माझ्याविषयी चौकशीच केली नाही. ते कोइमतूरच्या सराफ बाजारात गेले आणि ज्या सोनारांची आटणी मी रोज करत होतो, त्यांना त्यांनी विचारले. तिथून आलेला शब्द त्यांनी प्रमाण मानला. नातेवाईक आपल्या माणसाबद्दल चांगलेच बोलणार. ज्याचे सोने तुमच्या हाती आहे, तो माणूस खरे सांगतो. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सुपारी फुटली आणि आठवडाभरात दोन्ही कुटुंबे आपापल्या दुकानांवर परत गेली.

यवतेश्वर (सातारा)

मी थोडे वेगळे मत मांडते. आत्या, आजी आणि सराफ या सर्वांचा आदर राखून मला असे म्हणायचे आहे, की ज्यांना संसार करायचा आहे त्यांनीच पहिला शब्द उच्चारावा. मध्यस्थाच्या तोंडून गेलेल्या शब्दात आपली निष्ठा पुरेशी उतरत नाही, आणि पुढे अडचण आली, तर वडीलधाऱ्यांना म्हणायला जागा राहते, की तुम्ही आम्हाला कधी विचारलेच नव्हते.

आम्ही दोघे साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजनेत होतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे संस्था स्थापन केली, तेव्हापासून श्रम आणि शिक्षण यांची जी सांगड तिथे घातली गेली, तिचे मोल आम्हाला फी भरताना रोज कळत होते. माझ्याकडे ग्रंथालयातले काम होते आणि त्यांच्याकडे बागेचे. ते माण तालुक्यातले, मी जावळीतली. त्यांच्याकडे पाण्याचा टँकर येतो आणि आमच्याकडे पावसाळाभर छत्री मिटत नाही, यावरून सुरू झालेल्या गप्पा पुढे घराकडची परिस्थिती, धाकट्या भावंडांचे शिक्षण आणि नोकरी लागल्यावर पहिल्या पगाराचे काय करायचे इथपर्यंत गेल्या. आमच्या जाती वेगळ्या आहेत. ही गोष्ट आम्ही एकमेकांपासून आणि नंतर घरापासूनही लपवली नाही.

दोघांना नोकरी लागल्यावर मी स्वतः वडिलांसमोर बसले आणि म्हणाले, “दादा, मला अमुक मुलाशी लग्न करायचे आहे. तुमच्या संमतीशिवाय करायचे नाही, आणि त्याच्याशिवाय दुसऱ्याशीही करायचे नाही.” ते दोन महिने माझ्याशी मोजकेच बोलले. त्या काळात ते चार वेळा दहिवडीला जाऊन आले, हे मला नंतर आईकडून समजले. मग त्यांनीच विचारले, की नोंदणी कशी करायची असते.

ज्यांना माहिती हवी असेल त्यांच्यासाठी लिहिते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे असेल, तर दोघांपैकी एकाचे वास्तव्य त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस असावे लागते. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते आणि ३० दिवसांत वैध हरकत आली नाही, तर तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही, तर ती नव्याने द्यावी लागते. ही नोटीस भिंतीवर लागण्याच्या आधी घरच्यांना आपल्या तोंडून कळलेले असणे मला फार महत्त्वाचे वाटते. आमच्या तीन साक्षीदारांत पहिली सही माझ्या वडिलांची आहे.

नीरेकाठी

पहिली सही वडिलांची, हे वाचून डोळे भरून आले. बाकी काही लिहीत नाही.

कुंडलचे काका

यवतेश्वरताईंचे लिखाण वाचून माझ्या आईवडिलांची आठवण झाली. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार आमच्या भागात काम करत होते. त्या वेळी आजचा सांगली जिल्हा नव्हता, हा सगळा प्रदेश सातारा जिल्ह्यातच होता; १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. प्रतिसरकारने तंटे मिटवले तसेच लग्नातला खर्च आणि हुंडा यांविरुद्धही काम केले. हुंडा न घेता, वाजंत्री आणि जेवणावळी टाळून होणाऱ्या लग्नांना ‘गांधी विवाह’ म्हणत. लग्नापायी सावकाराकडे जमीन गहाण पडण्याचे ते दिवस होते, त्यामुळे गरीब शेतकऱ्याला या लग्नांचा फार मोठा आधार वाटला.

माझे वडील भूमिगतांना निरोप आणि भाकरी पोहोचवत. ज्या वस्तीवरून भाकरी निघत, तिथली मुलगी म्हणजे माझी आई. आईच्या सांगण्याप्रमाणे, सुरुवातीचे काही महिने तिने त्यांचा चेहरा उजेडात पाहिलेलाच नव्हता. अंधारात फडके हातात घ्यायचे आणि मोकळे फडके परत द्यायचे, एवढाच संबंध. फडके नेहमी धुऊन, घडी घालून परत येते, हे तिच्या लक्षात आले होते. लग्नाचा शब्द गावातल्या एका वडीलधाऱ्या कार्यकर्त्याने टाकला आणि सुताचे हार घालून लग्न लागले. आता हा शब्द मध्यस्थाचा म्हणायचा की त्या दोघांचा, हे मला आजही सांगता येणार नाही. आईचे म्हणणे असे, की कार्यकर्त्याने विचारले तेव्हा तिने मान खाली घातली नाही, सरळ ‘हो’ म्हटले, आणि त्या काळात तेवढे बोलणेही धीराचे होते.

गावभागकर (सांगली)

काका, धुऊन घडी घातलेल्या फडक्याची गोष्ट मी घरी मोठ्याने वाचून दाखवली. अशा आठवणी लिहून ठेवायला हव्यात.

यवतेश्वरताई, आपला मुद्दा मला पटतो, परंतु प्रत्येक घरात मुलीला वडिलांसमोर बसून बोलण्याची मुभा असते असे नाही. जिथे ती नसते, तिथे आत्या, मावशी, मामा यांनी दार किलकिले करून देणे हा पळपुटेपणा मानू नये.

यवतेश्वर (सातारा)

पळपुटेपणा मी म्हटलेले नाही, ताई. माझी भीती वेगळी आहे. माझ्या एका मैत्रिणीचा शब्द एका नातेवाइकाकडे गेला आणि मुलाच्या घरी पोहोचेपर्यंत त्यात देण्याघेण्याची कलमे शिरली. मुलाकडच्यांना वाटले मुलीकडचे बोलत आहेत, आणि मुलीकडच्यांना वाटले ही मुलाकडची मागणी. दोघांनी एकमेकांना फोन करून विचारले, म्हणून ते लग्न वाचले. मध्यस्थ नेमावा, पण त्याने काय बोलायचे हे दोघांनी आधी ठरवून द्यावे.

अपशिंगेची लेक

आमच्या गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचे स्मारक गावात आहे, आणि आजही घरटी कोणीतरी फौजेत असतो. अशा गावात सोयरिकीला मुहूर्तापेक्षा रजेचा हिशोब मोठा असतो. जवानाची दोन महिन्यांची वार्षिक रजा; त्यातच घराची डागडुजी, शेताचे काम आणि जमले तर लग्न.

माझा भाऊ आणि माझे यजमान एकाच पलटणीत होते. भाऊ रजेवर आला की त्यांच्या घरचे सामान पोहोचवायला आम्ही कोरेगावला जात असू, आणि ते आले की आमच्याकडे येत. सीमेवर फोन लागत नसे तेव्हा भावाच्या खुशालीचे पत्र तेच लिहीत, कारण भावाला लिहिण्याचा कंटाळा. पत्राच्या शेवटी माझ्या बारावीच्या अभ्यासाची विचारपूस असे. मी उत्तर भावाच्या नावाने पाठवत असे आणि वाचणारा कोण आहे, हे मला माहीत होते. बारावी झाली, नर्सिंगचे शिक्षण झाले, तरी पत्रे सुरू राहिली.

शब्द भावाने टाकला. तो वडिलांना म्हणाला, “रात्रीच्या पहाऱ्याला ज्याच्या भरवशावर मी झोपतो, त्याला बहीण द्यायला मला विचार करावा लागत नाही.” माझे वडील स्वतः माजी सैनिक, त्यांना यापुढे काही विचारायचे राहिले नाही. मात्र त्यांनी मला आत बोलावून एकटीला विचारले, की फौजेतल्या माणसाची बायको होणे म्हणजे काय, हे तुला तुझ्या आईकडे पाहून कळलेले आहे ना? मी हो म्हटले. रजा संपायला थोडे दिवस राहिले असल्याने आमचे यादी पे शादी झाले, साखरपुडा आणि लग्न एकाच मांडवात.

मिरजेचा डॉक्टर

आमच्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे, आणि तिथेही लहानपणापासून जडलेले खरे प्रेम मी पाहिलेले आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात निकटच्या नात्यांत विवाहाला मनाई असली तरी जिथे तशी रूढी आहे तिथे सूट दिलेली आहे. वैद्यकीय बाजू अशी, की सख्ख्या मामे-आते भावंडांच्या मुलांमध्ये जन्मजात दोषाचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. इतरांमध्ये तो शेकडा दोन ते तीन असतो, त्यामुळे बहुसंख्य मुले निरोगीच होतात. परंतु घराण्यात आधीच एखादा आनुवंशिक आजार असेल, तर साखरपुड्याच्या आधी जनुकीय समुपदेशन अवश्य घ्यावे. सुपारी फुटल्यावर हा प्रश्न विचारणे सर्वांनाच जड जाते.

कराडचा वाटसरू

सर्वांचे अनुभव वाचले. मी सध्या याच टप्प्यावर उभा आहे, म्हणून धीर करून लिहितो. मी कराडचा, ती वाई तालुक्यातली. आम्ही पुण्यात एकाच कार्यालयात काम करतो. शुक्रवारी रात्री स्वारगेटवरून गावाकडच्या एसटीसाठी लागणाऱ्या रांगेत आमची पहिली ओळख झाली. कार्यालयात आम्ही वेगवेगळ्या मजल्यांवर होतो. गाडी सुटेपर्यंतचा तो अर्धा तास आम्हाला दर आठवड्याला मिळत गेला. तिच्या आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रक्ताची गरज लागली, तेव्हा मी रात्री वाईला गेलो आणि त्या दिवसापासून माझ्या मनात दुसरा विचार आलेला नाही. तिच्याही नाही.

अडचण देवकाची, म्हणजे लग्नात पुजल्या जाणाऱ्या कुळाच्या खुणेची आहे. दोन्ही घरांचे देवक एकच असावे, अशी माझ्या चुलत्यांना शंका आहे आणि एक देवक असलेल्यांत आमच्याकडे सोयरीक करत नाहीत. आडनावे वेगळी आहेत, नात्याचा काही संबंध सापडत नाही. घरी अजून कोणी अधिकृतपणे काहीच बोललेले नाही. शब्द मी टाकावा की मामाने टाकावा?

कुंडलचे काका

देवक एक असण्याला कायद्याची आडकाठी नाही. सगोत्र विवाहालासुद्धा १९४६ च्या कायद्याने मान्यता मिळाली, त्याला आता ऐंशी वर्षे होत आली. पण तुझ्या चुलत्यांना कायदा सांगू नकोस, बाळा. त्यांना आपल्या कुळाची काळजी आहे, ती खोटी समजू नये. दोन्हीकडच्या ज्या म्हाताऱ्या माणसांनी लग्नात देवक बसवलेले आहे त्यांना जाऊन विचार. आमच्या माहितीत दोन ठिकाणी असा संशय नुसता ऐकीव निघाला होता.

विटेकर (सध्या कोइमतूर)

मामाला पाठव, पण तू सोबत जा. देवकाचा विषय मामाने बोलावा, तुझ्या मनाचा विषय तू बोलावास.

यवतेश्वर (सातारा)

विटेकरदादांनी जे लिहिले त्यात माझे आणि गावभागकर ताईंचे दोघींचेही म्हणणे आले. फक्त एक भर घालते. त्याच दिवशी तिनेही आपल्या घरी स्वतः बोलावे. एकीकडे कळले आणि दुसरीकडे नाही, या चार-आठ दिवसांत गैरसमज वाढतात.

कराडचा वाटसरू

कळवायला उशीर झाला. मामा आणि मी वाईला जाऊन आलो. आदल्या संध्याकाळी तिने घरी सांगितले होते, त्यामुळे आम्ही पोहोचलो तेव्हा तिच्या वडिलांना येण्याचे कारण माहीत होते आणि त्यांनी ते न माहीत असल्यासारखे दाखवलेही नाही. देवकाचे मामाने काढले. तिची आजी आतून बाहेर आली आणि तिने त्यांच्याकडे लग्नात कोणत्या झाडाच्या डहाळ्या आणतात, ते एकेक करून सांगितले. आमच्याकडच्या आणि त्यांच्याकडच्या डहाळ्या जुळत नाहीत. माझ्या चुलत्यांनी हे स्वतः आजींकडून फोनवर ऐकले आणि त्यांचे समाधान झाले.

त्यानंतर तिच्या वडिलांनी मामाला बोलू दिले नाही. माझ्याकडे वळून त्यांनी मलाच विचारले, की तुला काय सांगायचे आहे. मी तयारी करून गेलो होतो ते सगळे विसरलो आणि एवढेच म्हणालो, की तुमच्या घरच्या अडचणीला मी आलो तेव्हा मला कोणी बोलावले नव्हते, आणि पुढेही बोलावण्याची वाट पाहणार नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “पुढच्या रविवारी आम्ही कराडला येतो.” साखरपुड्याची बोलणी त्या दिवशी होतील. काय काळजी घ्यावी, ते कृपया सांगा.

गावभागकर (सांगली)

अभिनंदन! फार आनंद झाला, आणि ह्यांनीही आवर्जून अभिनंदन सांगितले आहे. बोलणी होतील तेव्हा यादी तिथेच कागदावर लिहून घ्या. साखरपुडा कोणाच्या दारी, लग्नाचा खर्च कोणी किती उचलायचा, कार्यालय कोणी ठरवायचे, मानपानाचे आहेर ठेवायचे की दोन्हीकडून बंद करायचे, हे सगळे स्पष्ट लिहावे आणि खाली दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. हुंड्याचा शब्द कोणी चुकून काढला, तर तो तू स्वतः थांबव, मामावर सोडू नकोस. शक्य असेल, तर खर्च निम्मानिम्मा ठेवा. आणि यादी लिहिताना तिलाही बैठकीत सर्वांसोबत बसवावे, कारण आमच्या वेळी मला आतल्या खोलीत बसवले होते आणि कार्यालयाची जी तारीख ठरली, त्याच दिवशी माझी परीक्षा होती.